कोंबड्यांनी खाल्लेली अक्षरं

१० नोव्हेंबर २००१, शनिवार

ही डायरी खरं तर १९९९ सालची. हे गेले त्या वर्षी कुणीतरी आणून दिली होती, कोरीच राहिली. छापलेले वार आता जुळत नाहीत, म्हणून छापलेला वार खोडून खरा लिहायचा. तेवढंच मुद्रितशोधन हातून घडतं.

लिहायचं कारण तळटीप. तळटीप म्हणजे माझी सगळ्यांत लहान कोंबडी. चार दिवस ती खात नाही, पंख गळाल्यासारखे लोंबतात, कोपऱ्यात मान टाकून बसते.

माझ्याकडे पाच कोंबड्या आणि एक कोंबडा. हे एकतीस वर्षं सदाशिव पेठेतल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. शिशाची एकेक अक्षरं उचलून ओळी जुळवायचं काम. त्यामुळे नावं तिथलीच. मथळा जाडजूड आणि सगळ्यांच्या पुढे. जाहिरात अंडं एक घालते आणि ओरडते दहा घातल्यासारखी. पुरवणी मागाहून आली. शुद्धिपत्र मी खायला ठेवलेल्या अंड्यातून निघाली, म्हणजे चुकीतूनच. कोंबड्याचं नाव संपादक. स्वतः काही करत नाही, पहाटे सगळ्यांना उठवतो.

तळटीपला ओवा दिला, हळद दिली. तिने दोन्हींवर पाय दिला.

११ नोव्हेंबर, रविवार

अभय आणि दीक्षा आले होते, नेहमीप्रमाणे दर रविवारी औंधहून विश्रांतवाडीला. दीक्षाला सहावा लागलाय. तिला आई नाही, तेव्हा बाळंतपण इथं माझ्याकडेच. मी दर रविवारी तिला डझनभर गावरान अंडी देते. आजही दिली. तिच्या केसांना काय तकाकी आलीय. पोटुशीपणात येते म्हणतात. माझ्या वेळी नव्हती आली, पण मला अंडी कोण देत होतं?

अभय संगणकाच्या कंपनीत आहे. सध्या बेंचवर बसलाय म्हणे. म्हणजे काम नाही, पगार आहे. त्याच्या बापाला एकतीस वर्षांत असलं बाक कुणी दाखवलं नाही.

आतल्या खोलीत गेला आणि पुन्हा तेच.

"आई, बाळ कुठं झोपणार? ह्या नऊ पेट्या कधी काढायच्या?"

पेट्या म्हणजे यांचे खिळे. छापायच्या अक्षरांना छापखान्यात खिळे म्हणतात. संगणक आले, छापखाना बंद झाला, तेव्हा मालकांनी हे खिळे यांना निरोपाची भेट म्हणून दिले. दुसऱ्या कुणाला घड्याळ मिळालं असतं.

"बाळ माझ्याजवळ झोपेल," मी म्हटलं.

"अगं, हे सगळं एका फ्लॉपीत मावतं."

"मग तुझ्या बाबांना पण ठेव फ्लॉपीत."

दीक्षा हसली आणि तिने विषय बदलला. शहाणी आहे. मुलगा कुणाचा आहे ते मात्र कळत नाही.

१२ नोव्हेंबर, सोमवार

बारा तारीख. हे बारा तारखेला गेले, म्हणून दर महिन्याला ह्या दिवशी मी खिळे धुते. रॉकेलच्या फडक्याने पुसायचे, पाण्यातून काढायचे, अंगणात पोत्यावर वाळत घालायचे, संध्याकाळी ज्याच्या त्याच्या खणात. कुठलं अक्षर कुठल्या खणात ते मला डोळे मिटून येतं. मी शाळेत दुसरीपर्यंत गेले. पुढचं वाचन यांनी भाकरी बांधायला आणलेल्या रद्दी प्रुफांवर माझं मीच शिकले.

कांताबाई भिंतीपलीकडून म्हणाल्या, "अहो चंद्रभागाबाई, लोक दिवाळीला शेवया वाळवतात."

"माझ्या जास्त टिकतात," मी म्हटलं.

कोंबड्या दिवसभर पोत्याभोवती घुटमळत होत्या. मथळा तर मात्रांच्या ढिगात चोच घालून बसली होती. यांच्या हाताला लागलेल्या वस्तूंची ओढ मुक्या जिवांनाही असते. तळटीपसुद्धा धडपडत उठून आली. बघून भरून आलं.

संध्याकाळी लावताना अनुस्वार कमी भरले. दर महिन्याला थोडे कमी भरतात. झिजतात बहुतेक.

१५ नोव्हेंबर, गुरुवार

फटाक्यांमुळे संपादक दोन दिवस आरवला नाही. कांताबाई म्हणाल्या, दिवाळी महिनाभर असती तर बरं होतं. तळटीप आता एका पायावर पडते. जनावरांचा दवाखाना सोमवारी उघडेल.

१९ नोव्हेंबर, सोमवार

तळटीपला पिशवीत घालून दवाखान्यात नेली. रांगेत माझ्यापुढे एक म्हैस आणि मागे एक कुत्रं. कुत्र्याची मालकीण म्हणाली, "कोंबडीला कशाला आणायचं, कापून खायची." मी म्हटलं, "तुमच्या कुत्र्याला आवडत असेल तर विचारते डॉक्टरांना." त्यानंतर ती म्हशीकडे बघत बसली.

डॉक्टरीणबाईंचं नाव नम्रता. पंचवीस-सव्वीसच्या असतील. नाव आणि स्वभाव यांची भेट झालेली दिसत नाही. तळटीपचे पंख उचलून पाहिले, पाठीमागची हिरवी घाण पाहिली आणि म्हणाल्या, "एक्स-रे काढू."

"कोंबडीचा?"

"मग तुमचा काढू का?"

फोटो दिव्यासमोर धरला. तळटीपच्या पोटात, जिथं कोंबड्या खडे गिळून दाणे दळतात त्या पिशवीत, पांढऱ्याशुभ्र सहा काड्या. घासून गुळगुळीत झालेल्या, पण मला ओळखायला वेळ लागला नाही.

"ही वेलांटी," मी म्हटलं. "हे अनुस्वार. दोन आहेत. ह्या मात्रा. सहावं ओळखू येत नाही, झिजलंय."

डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग मी सगळं सांगितलं. त्या खुर्चीवर टेकल्या.

"मावशी, खिळे शिशाचे असतात. शिसं विष आहे. कोंबडीला खडा आणि खिळा यातला फरक कळत नाही. ती तो गिळते, पिशवीत दळते आणि तो रक्तात उतरतो. एकीने खाल्लं म्हणजे सगळ्यांनी खाल्लं असणार. अंडी खाता?"

"रोज एक. का?"

"आजपासून बंद. शिसं अंड्यात उतरतं. बलकात. अजून कुणाला देता?"

मी म्हटलं, "नाही."

का म्हटलं माहीत नाही. तोंडातून निघून गेलं.

"लहान मुलं, पोटुशी बाई, यांना तर अजिबात नको," त्या म्हणाल्या. "आणि ते खिळे आजच्या आज घराबाहेर."

मी म्हटलं, "हो, मोडीत देऊन टाकते." हे दुसरं खोटं.

निघताना मी तळटीपचे पंख सावरून देत होते, तर त्या म्हणाल्या, "कोंबडीचे पंख गळतात ना, तसं माणसाचं मनगट गळतं शिशाने. कपसुद्धा उचलत नाही." मी विचारलं, दवाखाना किती वाजता बंद होतो?

तळटीपचं पोट धुवून काढायला आणि इंजेक्शनं द्यायला त्यांनी तिथंच ठेवून घेतलं.

२० नोव्हेंबर, मंगळवार

हिशोब केला. जुलैपासून आठवड्याला डझन. दीक्षाच्या पोटातल्या बाळाच्या वाट्याला किती ते मला काढायचं नाही.

अभयला फोन करायला कोपऱ्यावरच्या बूथपर्यंत गेले. आकडे दाबले. त्याने "हॅलो" म्हटल्यावर मी विचारलं, "जेवलास का?" अकरा वाजले होते. तो म्हणाला, "काय जेवलो, आई?" मी म्हटलं, "तेच विचारतेय," आणि ठेवून दिला.

२३ नोव्हेंबर, शुक्रवार

आधी उतारा शोधायचा, मग सांगायचं. नुसती वाईट बातमी घेऊन कुणी सुनेच्या दारात जातं का?

शेतकी कॉलेजच्या ग्रंथालयात गेले. यांचा चष्मा लावला, माझा साधा आहे. दारावरच्या माणसाने विचारलं, "कुठल्या विभागाच्या?"

"कोंबडी."

"मॅडम, आय कार्ड?"

"कोंबडीने खाल्लं."

तो हसला आणि त्याने आत सोडलं. दोन तासांत मराठीतली एक पुस्तिका मिळाली. त्यात लिहिलंय की शिसं अंगात गेलं की पेशींना गंज चढल्यासारखं होतं आणि आवळ्यातलं क जीवनसत्त्व, लसूण, शेवग्याचा पाला असल्या गोष्टी तो गंज रोखतात. त्याच विषयावर एक इंग्रजी लेख होता, उंदरांवरचा. मला त्यातले आकडे तेवढे कळले. झेरॉक्स करून आणला.

येताना मंडईतून दोन किलो आवळे घेतले.

२५ नोव्हेंबर, रविवार

दीक्षाला अंडी दिली नाहीत. म्हटलं, कोंबड्यांची पिसं झडतायत, अंडी बंद. "अरेरे, मग मी आता," एवढं म्हणून ती थांबली आणि केसांवरून हात फिरवला. बिचारीला सवय झाली होती.

जेवणं झाल्यावर तिच्यासमोर तो इंग्रजी लेख ठेवला. दीक्षा पोस्टात आहे, इंग्रजी चांगलं आहे.

"आई, हे काय? उंदरांचं?"

"तळटीपला शिशाची बाधा झालीय. वाच की."

ती वाचत गेली. उंदरांचे दोन गट केले, दोन्हींना पाण्यातून शिसं दिलं, एका गटाला वर क जीवनसत्त्व आणि लसूण. ज्यांना ते दिलं त्यांच्या रक्तात शिसं कमी, यकृताची नासाडी कमी.

"हे सगळे गाभण उंदीर होते म्हणे," दीक्षा म्हणाली आणि स्वतःच्या पोटावर पान टेकवून पुढे वाचू लागली. "ज्या माद्यांना नुसतं शिसं दिलं, त्यांची पिल्लं..."

"ते सोड. ज्यांना लसूण दिली त्यांची?"

"त्यांची बरीच बरी होती. मात्र शेवटी लेखक म्हणतात की..."

"राहू दे पुढचं. चहा निवतोय."

मला हवं होतं ते मिळालं. लसूण आणि आवळा. पिल्लं बरी.

निघताना तिच्या हातात आवळ्याच्या मुरांब्याची बरणी दिली. सकाळी दोन, संध्याकाळी दोन. आणि लसणीची चटणी.

"अहो आई, मला लसणीने मळमळतं."

"नाक दाबून खा. माझ्यासाठी."

अभय म्हणाला, "आईने तुझी कोंबडी केलीय." मी त्याला पाण्याची बाटली भरायला पाठवलं.

३० नोव्हेंबर, शुक्रवार

तळटीप परत आली. डॉक्टरीणबाईंनी तिच्या पोटातले चार खिळे धुवून काढले, उरलेले विरघळलेच म्हणे. बरणीत घालून मला दिले. "बाकीच्या चौघी घेऊन या," म्हणाल्या. मी म्हटलं, त्या ठणठणीत आहेत. खरं म्हणजे मला माझा प्रयोग करायचा होता. इंजेक्शनं दिली तर आवळ्याचा गुण कसा कळणार?

प्रयोग असा. शुद्धिपत्र आणि पुरवणी यांना रोज आवळ्याचा कीस, लसूण, शेवग्याचा पाला. मथळा आणि जाहिरात यांना नुसती बाजरी. शनिवारी तागडीत वजन. कोंबड्या आवळा थुंकतात, म्हणून गुळात घोळून द्यावा लागतो. मथळा तिच्या वाट्याला नसलेला आवळा पळवते. तिला टोपलीखाली कोंडून ठेवलं तेव्हा तिने जो आवाज केला, त्यावर कांताबाई आल्या.

"काय चाललंय?"

"संशोधन."

"हळू करा. आमच्या यांची झोपायची वेळ आहे."

खिळ्यांच्या पेट्या आतल्या खोलीत कडीकुलपात आहेत. मोडीत देणार आहे. घाई काय आहे.

६ डिसेंबर, गुरुवार

सकाळी विहारात जाऊन आले. बाबासाहेबांच्या फोटोला फुलं वाहिली. दरवर्षी ह्या दिवसाची पत्रकं हे स्वतः जुळवायचे, मालकांची परवानगी घेऊन, जेवणाच्या सुट्टीत. एक काना चुकलेला चालत नसे. दुपारभर काही सुचलं नाही.

८ डिसेंबर, शनिवार

वजनं. शुद्धिपत्र आणि पुरवणी तेवढ्याच. मथळा पंचवीस ग्रॅमने उतरली, जाहिरात तीस. म्हणजे आवळा लागू पडतोय. डॉक्टरीणबाईंना सांगायला जावंसं वाटलं, पण मग बाकीचंही सांगावं लागेल. दीक्षाला आणखी एक बरणी पाठवली. तिने पोस्टातून निरोप दिला की मुरांबा ऑफिसात सगळ्यांना आवडला. सगळ्यांना कशाला वाटतेय ही?

१२ डिसेंबर, बुधवार

बारा तारीख. धुवू नये असं ठरवलं होतं. दहा वाजता पेटी उघडली, नुसतं बघायला. मग हाताला सवयच आहे.

अंगणात नाही घातले. गच्चीवर घातले. दार लावलं. कोंबड्या खाली, खिळे वर. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं खिळे खाण्याबद्दल आहे, असण्याबद्दल नाही. दुपारी पोत्याशेजारी बसून थोडी भाकरी खाल्ली. ऊन छान होतं.

गच्चीला एका बाजूने आंब्याची फांदी लागते. शुद्धिपत्र तिथून कधी आली कळलं नाही. मी आत पाणी प्यायला गेले होते. परत आले तेव्हा ती पोत्याच्या कडेला उभी राहून माझ्याकडे बघत होती, काही झालंच नाही अशी. खाल्लं नसेल. तिला चांगला आवळा मिळतोय, तिला कशाला हवंय?

१९ डिसेंबर, बुधवार

शुद्धिपत्रचे पंख गळलेत. आवळा दुप्पट केला. लसूण चमच्याने भरवली.

२२ डिसेंबर, शनिवार

शुद्धिपत्र सकाळी गेली. आवळ्याच्या गटातली. टोपलीत होती, शेजारी गुळात घोळलेला आवळा तसाच.

मी तो झेरॉक्स काढला आणि शेवटचा परिच्छेद शब्दकोश घेऊन लावला. दोन तास लागले. लिहिलंय की हे सगळं थोडंफार सावरतं, थांबवत नाही. आणि शिसं येत राहिलं तर कशाचाच उपयोग नाही. दीक्षा हेच वाचत होती. मीच तिला चहा प्यायला लावला.

शुद्धिपत्र शहाणी होती असं नाही. पण तिला मी मारलं. उद्या रविवार आहे. उद्या सांगायचं.

२३ डिसेंबर, रविवार

सांगितलं.

अभयला वाटलं मी आजारी आहे, कारण मी जेवायला वाढलंच नाही. दोघांना समोर बसवलं आणि एका दमात बोलले. खिळे, एक्स-रे, अंडी, बलक, डॉक्टरीणबाईंना दोनदा खोटं बोलले ते, मुरांबा कशासाठी दिला ते, आणि शुद्धिपत्र.

अभय उठून उभा राहिला. "एक महिना. आई, तुला एक महिना आधी माहीत होतं."

 चौतीस दिवस झाले होते, मी मोजत होते.

दीक्षा खाली बघत होती. मला वाटलं रडते आहे. मग म्हणाली, "आई, मला पण एक सांगायचंय. रागावू नका."

"आता मी कुठल्या तोंडाने रागावू?"

"मी एकही अंडं खाल्लेलं नाही. मला पहिल्या महिन्यापासून वासच सहन होत नाही. तुम्ही इतक्या मायेने देत होतात, नाही म्हणवेना. मी दोन केसांना लावायचे आणि बाकीची गुलाबाच्या कुंड्यांत पुरायचे."

"आणि हा?" मी अभयकडे बोट केलं.

"याला कोलेस्टेरॉलची भीती. हा ऑफिसात कांदेपोहे खातो."

अभय अजून उभाच होता, पण आता कुणावर चिडायचं ते त्याला ठरवता येईना. मी पदराने तोंड पुसलं. दीक्षाचे केस बघत राहिले. केवढे चमकत होते.

"केसांतून आत जात नाही ना काही?" मी विचारलं.

"उद्या रक्त तपासू," अभय म्हणाला. "सगळ्यांचं. तुझंही."

"माझं कशाला?"

"तू रोज एक खातेस आणि ते खिळे हातात घेऊन बसतेस म्हणून."

२६ डिसेंबर, बुधवार

चौघी आणि संपादक, सगळे डॉक्टरीणबाईंकडे. मी आधीच म्हटलं, "दोनदा खोटं बोलले होते."

"माहीत होतं," त्या म्हणाल्या. "खिळे मोडीत दिलेल्या माणसाच्या पिशवीला रॉकेलचा वास येत नाही." मग इंजेक्शन भरता भरता म्हणाल्या, "मावशी, तुमचा आवळा चूक नव्हता. तो इंजेक्शनांबरोबर चालू ठेवा. पण विंचू अंथरुणात ठेवून उतारा शोधायचा नसतो."

माझ्या प्रयोगाची वही त्यांनी मागून घेतली. वजनं नीट घेतलीत म्हणाल्या. त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ.

८ जानेवारी २००२, मंगळवार

रक्त मुंबईला पाठवलं होतं, आज रिपोर्ट आले. दीक्षाचं ठीक. अगदी ठीक. बूथवर उभी राहून मी अभयकडून आकडा तीनदा वदवून घेतला. बूथवाला म्हणाला, क्रिकेटचा स्कोअर आहे का? मी म्हटलं, हो, नाबाद.

माझं जास्त आलं.

९ जानेवारी, बुधवार

अभयबरोबर मोठ्या दवाखान्यात गेले. डॉक्टर वयस्कर होते. रिपोर्ट पाहिला, हिरड्या पाहिल्या, मनगट वर करायला लावलं. गोळ्या दिल्या, दूध-भाजीपाला नीट घ्या म्हणाले, वर म्हणाले आवळा खायला हरकत नाही. अभयने माझ्याकडे बघितलं नाही, पण त्याचा खांदा हलत होता.

मग डॉक्टरांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला त्रास होता? पोटात कळा, बद्धकोष्ठ, चिडचिड, हिरड्यांवर निळी रेघ, मनगट गळणं?"

अभय म्हणाला, "नाही." तो हॉस्टेलला होता तेव्हा.

मी म्हटलं, "होता."

यांना सगळं होतं. पोटात कळ आली की हे भिंतीला पाठ लावून बसायचे. मी म्हणायचे, चहा कमी करा. चिडले की म्हणायचे, छापखाना बंद पडायला आलाय म्हणून. शेवटी शेवटी कप दोन्ही हातांनी धरायचे. मला वाटायचं काम गेल्यामुळे हात रुसले. निळी रेघ मी रोज बघत होते. शाई समजत होते.

भाकरी ते खिळ्यांसमोर उभ्यानेच खायचे, हात न धुता. मी भांडायचे. ते म्हणायचे, "चंद्रभागा, माझ्या आज्याला ह्या अक्षरांच्या सावलीला उभं केलं नाही कुणी. आता ती माझ्या हाताला लागलीत, तर मी ती धुवून काढू?"

  त्यांचं चुकलं असं मी लिहिणार नाही. साबण मी जवळ ठेवायला हवा होता, एवढंच लिहिते.

१२ जानेवारी, शनिवार

बारा तारीख. काहीही धुतलं नाही. सकाळपासून हातांना काम नव्हतं, म्हणून चौघींची आणि संपादकाची घरं धुतली. मग कांताबाईंकडे जाऊन बसले. त्यांनी चहा दिला, तोही टोमणा न मारता. म्हणाल्या, "आज वाळवण नाही?" मी नाही म्हटलं. त्यांनी आणखी एक बिस्किट पुढे केलं.

१७ जानेवारी, गुरुवार

आतली खोली तीनदा ओल्या फडक्याने पुसली, झाडू लावायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलंय, धूळ उडते. पेट्या दारात आणून ठेवल्या. अभय म्हणाला, "मी देऊन येतो, तू नको." मी म्हटलं, "तू बेंचवर बस."

दीक्षा रविवारपासून इथं राहायला येतेय.

१९ जानेवारी, शनिवार

भवानी पेठेत सोनबा म्हणून एक शिसं ओतणारा आहे. छापखान्याचे झिजलेले खिळे पूर्वीपासून त्याच्याकडेच वितळायला जात. टेम्पोत नऊ पेट्या, पुढे मी. डॉक्टरीणबाईंनी दिलेले रबरी हातमोजे आणि तोंडाला फडकं. टेम्पोवाला म्हणाला, "मावशी, बँक लुटायला चाललोय का?" मी म्हटलं, "लुटून झाली. आता माल ठेवायला."

सोनबाने मला ओळखलं. पेट्या उतरवल्या, एक उघडली, बराच वेळ बघत राहिला. खण नि खण भरलेला, एकही अक्षर इकडचं तिकडे नाही.

"वहिनी, इतकं नीट लावून कुणी मोडीत आणत नाही."

"सवय आहे."

भट्टीच्या धुरात थांबू नका म्हणाला, म्हणून मी बाहेर रस्त्याकडच्या पायरीवर बसले. आतून खिळे ओतल्याचा आवाज आला, जोंधळे ओतल्यासारखा. एक पेटी, मग दुसरी. पाचव्या पेटीनंतर आवाज थांबला आणि सोनबा बाहेर आला. हाताला फडकं गुंडाळलेलं होतं.

"वहिनी, रामदासरावांच्या नावाची अक्षरं तेवढी काढून देऊ का? काचेच्या डबीत बंद करून देतो. कोंबड्यांना लागायची नाहीत."

मी थोडा वेळ विचार केला. खरोखर केला. डबी बंद राहिली असती. पण बाळ मोठं होणार, रांगणार, आणि मी आहे तशी आहे, कधीतरी बारा तारखेला ती डबी उघडणार.

"नको," मी म्हटलं. "पाठ आहेत मला. उलटी आणि सुलटी."

सोनबा आत गेला. आवाज पुन्हा सुरू झाला. नवव्या पेटीपर्यंत मी बसून होते.